एक टक चांगली, दोन टक कच्ची

माझा भाऊ प्रणित मूर्तीचे डोळे काढायचा आणि गोष्टींना नावं ठेवायचा. दोन्हीत त्याचा हात धरणारा पेण तालुक्यात कोण नव्हता. भाऊ म्हणून सांगत नाय. मी नितेश, जोह्यातला साचेवाला. आमच्या गावात घराघरात गणपतीचे कारखाने हायत, पण माझ्यासारखा साचा दुसरा कोण काढत नाय, हे माझ्या दुश्मनाला विचारलंत तरी तो सांगेल. असा मी माणूस सांगतोय की प्रणित माझ्याही वरचढ होता. मग तुम्हीच समजा.

मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासून गुळगुळीत होते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी डोळे. त्याला आम्ही आखणी म्हणतो. आखणी करणाऱ्याची नजर आणि हात गुंतलेले, कान मात्र रिकामे. म्हणून प्रणित कानात मोबाईलची बोंडं खुपसून बसायचा आणि ‘दूरचं टपाल’ ऐकायचा.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगतो. ‘दूरचं टपाल’ ही ऐकायची मालिका. चित्र नाय, नुसते आवाज. आमच्या लहानपणी रेडिओवर लागायची, बाबा कारखान्यात मोठ्याने लावून ठेवायचे. मग तिच्या कॅसेटी आल्या, आता मोबाईलवर येते. भिवा नावाचा एक टपालवाला, त्याची एक सायकल, आणि ती सायकल एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाते. पत्र ज्याचं त्याला पोचवायचं, उघडायचं नाय, एवढाच भिवाचा नियम. गंमत अशी की तो पोचेपर्यंत पत्र घेणारा मेलेला तरी असतो, नायतर अजून जन्मलेलाच नसतो. प्रत्येक गोष्टीला त्यात फेरी म्हणतात. मी नववीत शाळा सोडली, पण एकही फेरी मला समजली नाय असं झालं नाय.

नवीन फेरी आली की प्रणित ती दोनदा ऐकायचा. मग संध्याकाळी सगळे घरी गेले की मातीच्या गोणींवर आडवा व्हायचा आणि मोबाईल छातीवर ठेवून बोलायचा. फेरी कशी झाली, कुठे जमली, कुठे फसली. त्याला लिहिता चांगलं येत होतं, पण तो म्हणायचा, कानाने घेतलेलं तोंडानेच द्यायचं. ते रेकॉर्डिंग तो नेटवर टाकायचा. नाव ठेवलं होतं ‘प्रणितचा कान’.

आणि बोलायचा कसा, तर आमच्याच भाषेत. एका फेरीत खारट पाण्याखालचं शहर होतं. तिच्याबद्दल म्हणाला, ‘माती झकास मळलीय, पण वाळायच्या आधीच रंग मारलाय. आज चमकते, महिन्याने तडकणार.’ दुसऱ्या एका फेरीला म्हणाला, ‘हा जुनाच साचा हाय, सोंड फक्त डावीकडची उजवीकडे नेलीय.’ चांगली असली तर एवढंच म्हणायचा की ही पक्की. फसली तर कच्ची. जहाज फुटल्याचा आवाज ऐकून हा सांगायचा की हे पत्र्याचं पिंप हाय, आणि पिंप रिकामं हाय. लोक त्याच्यावर खूष. दूरदूरचे लोक लिहायचे की फेरी नंतर ऐकतो, आधी प्रणितचा कान ऐकतो.

रोह्याचा हितेश तर एकदा शोधत शोधत जोह्यात आला. हा तिकडे कंपनीची बस चालवतो, शिफ्टची माणसं नेतो-आणतो. बसमध्ये प्रणितचा आवाज लावून ठेवायचा. कारखान्यात येऊन मलाच वाकून नमस्कार केला. मी काय त्याला थांबवलं नाय. मग प्रणित आतून म्हणाला की कोण हाय रे दादा, तेव्हा आवाजावरून हितेशला कळलं, आणि तो माझ्याकडे असा बघायला लागला जशी मी त्याची बस चोरली. तेव्हापासून तो घरचाच झाला.

आमचं दोघांचं भांडण एकाच गोष्टीवर. भिवाचं काम करणारा पहिला नट सोडून गेला, तेव्हा मालिकावाल्यांनी एक फेरी केली. भिवा एका ग्रहावर गेला, तिथल्या हवेने त्याचा घसा जळला, आणि तो बरा झाला तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. बस. तिथून पुढे दुसरा नट. हा दुसरा भिवा मला फार आवडायचा. बोलला की समोरच्याचं पाणी व्हायचं. प्रणितला तो डोळ्यासमोर नको, म्हणजे कानासमोर. त्याने त्याच्या एकाही फेरीला पक्की म्हटलं नाय. त्यावर तो जे बोलला ते हितेश अजून तोंडपाठ म्हणतो.

‘आमच्यात एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हाताने काढतात. एक डोळा काढून माणूस आजारी पडला, तर मूर्ती तशीच थांबते, दुसरा कोण हात लावत नाय. कारण दुसऱ्या हाताचा डोळा भलतीकडेच बघतो. हा भिवा दुसऱ्या हाताचा डोळा हाय. आवाज गेला म्हणजे माणूस गेला.’

मी म्हटलं, तुला तो आवडत नाय कारण तो माझ्यासारखा बोलतो. तो म्हणाला, ‘बघ, तुलाच कळलं.’

आता पुढचं.

गणपतीच्या आधीचे दोन महिने जोह्यात कोणाचाच घसा ठीक नसतो. प्लास्टरची पूड, काचपेपरची धूळ, फवाऱ्याचा रंग, वर बाहेर पाऊस म्हणून दारं लावलेली. सगळं गाव घोगरं बोलतं. त्याला आमच्याकडे सीझनचा घसा म्हणतात. आय गूळ-हळद उकळून सगळ्या कामगारांना पाजते. विसर्जन झालं की आपोआप घसे सुटतात. त्या वर्षी प्रणितचा आवाज बसला तो सगळ्यांबरोबरच बसला. कोणी बघायचं, काय बघायचं? पेणच्या बाजारात जोह्याचा माणूस तोंड उघडतो तेव्हा दुकानदार हसून म्हणतात, गणपती जवळ आले वाटतं. वर प्रणित म्हणायचा की घोगऱ्या आवाजात रिव्ह्यू भारी वाटतो. ऐकणारेही तेच लिहायचे.

विसर्जन झालं. माझा घसा सुटला, नम्रताचा, म्हणजे माझ्या बायकोचा सुटला, घासकामाच्या बायांचे सुटले. भांडणं परत आधीसारखी ऐकू यायला लागली. प्रणितचा सुटला नाय. दिवाळीत भावजीचा आवाज ऐकून नम्रता मला म्हणाली, ‘अवो, ह्यो सीझनचा घसा नाय.’

पेणच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि मुंबईला पाठवलं. मुंबईच्या मोठ्या हास्पिटलात तुकडा काढून तपासला. कॅन्सर. आवाजाच्या पेटीवरच बसलेला. डॉक्टरीणबाई चांगली होती, सरळ बोलली. म्हणाली की अजून पेटीच्या आतच हाय, पेटी काढून टाकली तर हा माणूस जगेल. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. पुन्हा आपल्या आवाजात बोलता येणार नाय. पण थांबू नका.

मी तिथेच म्हटलं, काढा. मी मोठा भाऊ, मी सांगतो, काढा. आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं.

प्रणित नाय म्हणाला.

घरी आणला. आयने डोकं आपटून घेतलं. मी समजावलं, शिव्या दिल्या, एकदा कॉलर धरली. ह्या अंगाखांद्यावर मी प्लास्टरच्या गोणी दोन-दोन उचलल्यात, पण त्या पोराला जागचा हलवता आला नाय. पोर म्हणजे, चाळिशीचा होता. लग्न केलं नव्हतं. त्याचं म्हणणं एकच. ‘दादा, माझ्याकडे दुसरं काय हाय? हात तुझ्या कारखान्यात जातात. आवाज तेवढा माझा हाय.’

त्यात मालिकावाल्यांनी जाहीर केलं की ‘दूरचं टपाल’ संपणार. शेवटची फेरी, दर आठवड्याला एक भाग, थंडीभर चालणार. प्रणितला निमित्तच मिळालं. म्हणाला, शेवटची फेरी ऐकतो, तिचा रिव्ह्यू माझ्या आवाजात टाकतो, मग बघू. मी म्हटलं, अरे, एवढी वर्षं तो भिवा मेलेल्या माणसांना पत्रं वाटतोय, तूही त्याच रांगेत उभा राहणार का? त्याला हसू आलं. हसला की खोकला यायचा, आणि खोकला आला की रुमालावर रक्त.

त्या थंडीत आमच्या घरात दोन घड्याळं चालू होती असं समजा. एक त्या मालिकेचं आणि एक त्याच्या गळ्यातलं. माघी गणपतीच्या मूर्ती होत्या, तो डोळे काढत बसायचा. आवाज दिवसेंदिवस फाटत गेला. पाणी मागितलं तरी आयला जवळ जावं लागायचं. गिळताना मान तिरकी करायचा. मी दर आठवड्याला विचारायचो, संपली का रे? तो बोट हलवायचा. मी त्या मालिकावाल्यांना जितक्या शिव्या दिल्या तितक्या आयुष्यात रंगाच्या व्यापाऱ्यालाही दिल्या नसतील.

मग असं झालं की दुसरा भिवा गेला. खरा नट, मधेच वारला. फेरी अर्धी राहिलेली. लोकांना वाटलं आता तिसरा आणणार. प्रणितने मला ते सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडावर मला नेहमीची टिंगल दिसली नाय.

शेवटचा भाग शिमग्याच्या तोंडावर आला. दुपारची जेवणं झाली होती. प्रणितने बोंडं काढून मोबाईल उघडा लावला आणि मला हाताने खूण केली, बस. मी बसलो. नम्रताही काम टाकून बसली.

त्या भागात भिवा एकदाही बोलत नाय. त्यांनी तिसरा नट आणलाच नव्हता. गोष्ट अशी केलेली की घसा कायमचा गेलाय आणि शेवटचं पत्र घेऊन तो आपल्या गावी आलाय. सगळे त्याच्याशी बोलतात, तो फक्त सायकलची घंटी वाजवतो. व्हय म्हणायचं तर एकदा, नाय म्हणायचं तर दोनदा. पावलं ऐकू येतात, श्वास ऐकू येतो, दाराची कडी. शेवटी एक म्हातारी विचारते की पत्र कोणाचं हाय रे, माझ्या पोराचं का? बराच वेळ काहीच नाय. मग एकदा घंटी. मी काय रडणारा माणूस नाय. नम्रताला विचारू नका, ती भलतंच सांगते.

प्रणितने तो भाग पुन्हा लावला नाय. तसाच मोबाईल घेऊन गोणींवर गेला आणि आमच्या समोरच रेकॉर्ड केलं. आवाज म्हणजे पत्र्यावर खडा घासल्यासारखा. मधेमधे थांबून थुंकी पुसत होता. ते रेकॉर्डिंग अजून नेटवर हाय, त्यात मागे आमची कोंबडी पण ओरडते. तो म्हणाला, ‘मी म्हणायचो, आवाज गेला म्हणजे माणूस गेला. आज तो एक शब्द बोलला नाय, आणि पहिल्यांदाच मला तो नीट दिसला. दुसऱ्या भिवाला मी कच्चा म्हणत आलो. तो नसताना कळलं की इतकी वर्षं पहिला आणि दुसरा हा एकच माणूस होता. ही फेरी पक्की.’

मोबाईल बंद केला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘दादा, तारीख घे.’

हितेशने मालकाकडून गाडी मागून आणली आणि आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईने पुन्हा फोटो काढले. मला बाहेर बोलावलं. पेटीच्या आत होतं ते आता मानेत उतरलेलं. ती ओरडली नाय, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, काढू आपण, पण आधी जे सांगितलं होतं ते आता सांगता येत नाय.

पेटी काढली. जागा झाला तेव्हा पहिलं तोंड हलवलं त्याने, सवयीने. काहीच आलं नाय. गळ्याच्या भोकातून नुसती हवा. मी त्याचा हात धरून खूप बोललो, कारखान्याचं, गावाचं, काय वाटेल ते. दोघांचं मी एकट्याने बोललो. ते मला जमतं.

घरी आल्यावर तो आठ दिवस भिंतीकडे तोंड करून होता. पाटी-पेन्सिल दिली तर फेकली. एक दिवस मी कारखान्यात कोणाला तरी सांगत होतो की सगळा रायगड जिल्हा माझ्याकडून साचे नेतो. मागून आवाज आला, टक टक. बघतो तर हा दारात उभा. हातात कुंचला उलटा धरलेला आणि रंगाच्या रिकाम्या डब्यावर मारतोय. दोनदा. कच्चं. बायका हसल्या. मी म्हटलं, बरं, अर्धा जिल्हा. टक टक. म्हटलं, पेण तालुका तरी? थोडा विचार केला, मग एकदाच. टक.

तिथून ‘प्रणितचा कान’ परत सुरू झाला. मालिका संपली होती, म्हणून जुन्या फेऱ्या घेतल्या, हाताला येतील तशा. दोघं मिळून ऐकायचो. बोलायचो मी. हा शेजारी डबा घेऊन बसायचा. मी नीट बोललो तर एक टक, वाढवून बोललो तर दोन. ऐकणाऱ्यांना आधी राग आला. एकाने लिहिलं की हा दुसऱ्या हाताचा डोळा कशाला आणला. प्रणितने ते वाचलं, मला दाखवलं, आणि डब्यावर एकदाच मारलं. म्हणजे बरोबर बोलतोय तो. इतका राग आला मला. पण हळूहळू लोकांना सवय झाली. पुढे पुढे तर लिहायला लागले की नितेशभाऊ, तुम्ही कमी बोला, डबा जास्त वाजू दे.

दुसऱ्या भिवाच्या फेऱ्या आल्या तेव्हा मी मुद्दाम छाती फुगवून बसलो. ज्यांना त्याने कच्च्या म्हटलं होतं, त्यातल्या कितीतरींना त्याने एक टक दिली. पिंपवाल्या फेरीला मात्र दोनच. पिंप रिकामं ते रिकामंच.

पाऊस आला, सीझन लागला. सगळ्या गावाचा घसा बसला. प्रणितच्या गळ्याला आम्ही ओलं फडकं बांधायचो, धूळ आत जाऊ नये म्हणून, आणि त्याला मागच्या खोलीत बसवायचो. पण त्याने ऐकलं नाय, आखणी त्यालाच करायची होती. पण मानेच्या उजव्या बाजूला गाठ परत दिसायला लागली होती आणि त्या बाजूचा, कुंचल्याचा हात जड झाला होता.

हितेशच्या घरची मूर्ती. रोह्याला जायची होती, गाडी बाहेर उभी. प्रणितने उजवा डोळा काढला. सुरेख. मग कुंचला बुडवला, उचलला, आणि हात थरथरायला लागला. खाली ठेवला. परत उचलला. परत थरथर. कारखान्यात सगळे आपापल्या कामाकडे बघायला लागले, कारण त्याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना माहीत हाय. मूर्ती आता थांबणार.

त्याने कुंचला माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, नाय रे, एका मूर्तीच्या डोळ्यांना दोघांचे हात लागत नायत, तूच सांगितलंस. तो तसाच धरून राहिला. मग डब्यावर एकदा वाजवलं. मी जन्मभर सांगत आलो की मी आखणीही करू शकतो, वेळ नाय म्हणून करत नाय. बसलो. डावा डोळा मी काढला. काढून मागे सरकून बघितलं तर चांगला मोठा झालेला, आणि बघतोय कुठे, तर हितेशच्या गाडीकडे.

प्रणितने वाकून बघितलं. टक टक.

मी पुसायला फडकं घेतलं, त्याने माझं मनगट धरलं. खांदे हलत होते, मला वाटलं खोकला, पण तो हसत होता. मूर्ती तशीच गेली. हितेशने स्वतः उचलून गाडीत ठेवली. दीड दिवसाचा होता त्यांचा गणपती, कुंडलिका नदीत गेला. मला नंतर म्हणाला की नितेशभाऊ, आरतीला कुठेही उभं राहिलं तरी तो बघत होता.

विसर्जनाला गावाचे घसे सुटले. प्रणितला परत मुंबईला नेला, त्यांनी औषधं दिली आणि घरी पाठवला. शेवटी शेवटी गिळणं बंद झालं. दुखायचं फार, ओरडता यायचं नाय. तोंड उघडं राहायचं आणि भोकातून शिट्टीसारखी हवा. आय दोन्ही कानांवर हात ठेवायची, आवाज नसतानाही. डबा त्याच्या उशाशी होता. मी विचारायचो, फार दुखतंय का? टक. मुंबईला जायचं का? टक टक. भिवाची फेरी लावू का? टक.

भाताची कापणी चालू होती तेव्हा तो गेला. सकाळची वेळ, बाहेर झोडणीचा आवाज.

लोक म्हणतात त्या मालिकेने त्याचा जीव घेतला. तोंडावर म्हणणाऱ्याला मी जोह्याच्या स्टॉपपर्यंत पोचवून आलोय. थंडीभर थांबला ही चूक, ते मलाही कळतं. पण नुसती आवाजाची पेटी काढली असती आणि हा भिंतीकडे तोंड करूनच जगला असता तर, ते कोणाला माहीत हाय? त्या शेवटच्या फेरीने त्याला हास्पिटलात नेला. उशिरा नेला. दोन्ही खरं हाय आणि ते मला एका साच्यात बसवता येत नाय.

गेल्या आठवड्यात हितेश आला, म्हणाला, लोक विचारतात, पुढची फेरी कधी घेणार. तेरा फेऱ्या अजून बाकी हायत. मी गोणींवर बसलो, तिथे आडवं व्हायची माझी हिंमत होत नाय. मोबाईल समोर ठेवला. फेरी चांगली होती, बर्फाच्या ग्रहावरची, पहिल्या भिवाची. मी बोललो. बोलता बोलता सांगून टाकलं की ही फेरी मी लहानपणी एकदाच ऐकली होती आणि तेव्हापासून मला शब्दन् शब्द पाठ हाय.

मग सवयीने थांबलो.

हितेश समोर होता. डबा त्याच्या हाताशी होता. त्याने तो उचलला नाय, आणि मीही सांगितलं नाय. रेकॉर्डिंग चालूच होतं. शेवटी मीच म्हटलं, ‘शब्दन् शब्द नाय. थोडे थोडे.’ आणि पुढे बोलत राहिलो.